शिट्टीकाकांचा गोल

आयुष्यभर फुटबॉलचे पंच म्हणून मैदानं गाजवलेले शिट्टीकाका एकदा दिलेला निर्णय कधी फिरवत नसत. घरातसुद्धा. भिंतींना हिरवा रंग म्हणाले की हिरवाच. खोली शेवाळलेल्या तळ्यासारखी दिसली तरी.

एकटा मेहुणा त्यांना पुरून उरायचा. एका अंतिम सामन्यात काकांनी मेहुणा खेळत असलेल्या संघाविरुद्ध गोल दिला होता. "चेंडू आत गेलाच नव्हता, दाजी," हे पालुपद त्याने सतरा वर्षं सोडलं नव्हतं.

माळा आवरताना त्या सामन्याची डीव्हीडी हाती लागली आणि काका हरखले. "आता कायमचं तोंड बंद करतो त्याचं!" म्हणत त्यांनी मेहुण्याला रविवारी जेवायला बोलावलं.

पण नव्याकोऱ्या कॉम्प्युटरने डिस्क पोटात घेतली, घरघर केली आणि हात वर केले. काकांनी डिस्क पुसली, फुंकली, शेवटी भांड्यांच्या साबणाने धुतली. ढिम्म!

मग दुरुस्तीवाल्या बाई आल्या. "डिस्क चांगली आहे, काका. पूर्वी ती चालवायची सोय कॉम्प्युटरमध्येच असायची. यात नाही. त्यासाठी प्लेअर नावाचा वेगळा प्रोग्रॅम टाकावा लागतो."

"म्हणजे तोंड दिलं आणि अक्कल काढून घेतली?"

"तसंच समजा," म्हणत बाईंनी पाच मिनिटांत एक फुकटचा प्लेअर टाकून दिला.

बाई गेल्यावर काकांनी तो गोल लावला. मागे घेऊन पुन्हा लावला. चेंडू रेषेवर आपटून चक्क बाहेर आला होता! आणि त्याच क्षणी सतरा वर्षांपूर्वीचे शिट्टीकाका खाली वाकून घसरलेला पायमोजा वर ओढत होते.

काकू हळूच म्हणाल्या, "डिस्क खराब झाली म्हणून सांगा. साबण लावलाच आहे."

काकांना मोह झाला. दोन दिवस जेवण गोड लागेना. रविवारी मात्र त्यांनी मेहुण्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतःच बटण दाबलं. "गोल नव्हता. चुकलो मी."

मेहुण्याने तो प्रसंग तीनदा पाहिला. पायमोज्यावर पोट धरून हसला. मग चेहरा पाडून म्हणाला, "दाजी, आता आपण भांडायचं कशावरून?"

काकांनी डिस्क मागे नेली. "पहिल्याच मिनिटाला तू त्या पोराला पाय घालून पाडलंस. हे बघ!"

"मी? तो आपणहून पडला!"

काकूंनी वाढलेली पानं झाकून ठेवली.