घरातल्या घरात

मी आयुष्यात कधी विडी ओढली नाही आणि हे कुणाला विसरूही दिलं नाही. साताऱ्यात रोज सकाळी अजिंक्यतारा चढायचो. वाटेत कुणी सिगारेट पेटवलेली दिसली की फुकटचं प्रवचन द्यायचो. पन्नाशीनंतर मला पहिल्याच वळणावर धाप लागायला लागली, तेव्हा तीच मंडळी धूर सोडत मला मागं टाकून वर जाऊ लागली.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं, रक्त तपासलं. म्हणाल्या, फुप्फुसं सांभाळणारं एक प्रथिन तुमच्या अंगात फारच कमी बनतं, जन्मापासूनच. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. चूक माझी नव्हती तर.

"आईकडून आलं असणार. वडिलांकडं असलं काही नाही," मी ठोकून दिलं.

"दोघांकडून आल्याशिवाय इतकं कमी होत नाही. आईवडील नात्यातले होते?"

होते. वडिलांनी मामाची मुलगी केली होती.

"आणि तुम्ही दोघं?"

शेजारी बसलेली बायको खाली बघत म्हणाली, "ह्यांनीबी मामाचीच केलीया."

घरातली पोरगी घरातच आणली म्हणून मी लग्नात छाती फुगवून फिरलो होतो. तेव्हा छाती फुगत होती.

आमची मुलगी शिरवळला कारखान्यात नोकरी करते. तिला माझ्याकडून एक दोष आलेलाच असणार. आईकडूनही आला असला तर तिची गत माझ्यासारखी. तिचंही रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत मी घरात विनोद करत होतो. भीती वाटली की मला विनोद सुचतात. खोकला आला की बायकोला म्हणायचो, "बघ, तुझ्या माहेरचा आहेर." ती हसायची नाही. मला वाटायचं, हिला विनोद कळत नाही.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोष एकच आहे, वडिलांकडून आलेला. धूर आणि धुळीपासून जपायचं, एवढंच."

मुलगी हसली. मी डॉक्टरीणबाईंचे आभार मानत बसलो. बायको उठून बाहेर गेली. मागोमाग गेलो तर बाकावर बसून पदरात तोंड घालून रडत होती.

"आवं, म्या न्हाई दिलं तिला," ती म्हणाली. "रिपोर्ट येस्तवर डोळ्याला डोळा न्हवता माझ्या."

मी तिच्या शेजारी बसलो. काही बोलता आलं नाही, आणि या वेळी धाप लागलेली नव्हती.