लाल पाकीट, निळं पाकीट आणि ताईचं मत

त्या दिवशी सकाळी ताईने मला केक खायला लावला. दुपारी चार वाजता ती गेली, पण सकाळी दहाला उशीला टेकून बसली होती आणि माझ्यावर ओरडत होती, "अगं गिळू नकोस लगेच, टाळूला लाव आधी!"

मी तिची धाकटी बहीण. घरी बसून उशांचे अभ्रे शिवते. ताई केकच्या कारखान्यात होती, एकोणीस वर्षं. पाकिटातला चॉकलेटचा केक येतो ना, दोन घासांचा, वरून चॉकलेटचं कवच, तोच. आधी पॅकिंगला होती, मग साहेबांनी तिला चवीच्या टेबलावर घेतलं. म्हणजे दर गुरुवारी पाच बायका एका खोलीत बसायच्या. समोर बशा, बशीत केक, पाकीट काढलेलं, नुसता नंबर. एक आपला, दोन दुसऱ्या कंपन्यांचे. आपलं पाकीट निळं, त्यांचं एक लाल आणि एक सोनेरी. एक खायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची, दुसरा खायचा, आणि कुठला बरा, का बरा ते कागदावर लिहायचं.

ताई सातवीत शाळा सोडलेली. पण तो "का" तिच्यासारखा कुणी लिहिला नाही. "एक नंबर मऊ आहे पण तोंडात गोळा होतो." "दोन नंबर म्हणजे गोड भुसा." साहेब हसून हसून वाचायचे म्हणे.

घरीसुद्धा तेच. दुकानातून तिन्ही पाकिटं आणायची, केक बोटाने दाबायची आणि परत किती वर येतो ते बघत बसायची. भावोजी एकदा म्हणाले, "लग्नाआधी मला पण असंच दाबून बघितलं होतंस का गं?"

"बघितलं ना. दाबला तर वर येत नव्हतास. तरी घेतला."

भावोजी आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरले.

एक गोष्ट मात्र मला तिने खूप उशिरा सांगितली. आपल्या केकच्या बुडाला भट्टीतल्या जाळीचा बारीक ठसा असतो. बाकीच्या चौघी बशीतला केक हळूच उलटा करून ठसा बघायच्या आणि आपल्याच केकवर बरोबरची खूण करायच्या. मी म्हटलं, "तू?"

"मी नाही उलटा करत. उलटा केला तर मग खायचं कशाला?"

गेल्या वर्षी कंपनीने कवचाचं तेल बदललं. ताईने लिहिलं, तीन नंबर मेणासारखा चिकटतो. तीन नंबर आपलाच निघाला. पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. साहेब चिडले, "ताई, तुम्ही आमच्या आहात का लाल पाकिटवाल्यांच्या?" ताई म्हणाली, "साहेब, पोरं दुकानात नंबर बघून घेत नाहीत, चव बघून घेतात." पण तिला लागलं होतं ते. घरी येऊन जेवली नाही.

मग आजारपण आलं. औषधांनी तिच्या तोंडाची चवच गेली. सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणायची. मी म्हटलं, कुणाला कळतंय, तू कर खूण आपल्या केकवर आणि ये. तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांना स्वतःच जाऊन सांगितलं, मला चव कळत नाही, टेबलावर दुसरी बसवा.

तरी ती गेली त्या गुरुवारी सकाळी साहेबांनी पॅकिंगच्या एका बाईबरोबर नवे केक पाठवले. कवच परत बदललं होतं, सोमवारपासून तेच कारखान्याच्या लाइनवर घ्यायचं होतं. ताईंनी एकदा बघावं, म्हणाले. त्यांनी मन राखायला पाठवले असतील. ताईने तसं घेतलं नाही. ती बाई गेल्या गेल्या ताई मला म्हणाली, "जा, लाल पाकीट घेऊन ये. आज जीभ तुझी."

मी आणलं. लाल खाल्लं, चूळ भरली, आपलं खाल्लं. तिचा चेहरा बघवत नव्हता, इतकी वाट बघत होती. मी म्हटलं, "आपला बरा आहे ताई. मस्त झालाय."

"चावायच्या आधीच मस्त?"

मी तिच्याकडे बघत घास चावायला लागले.

"माझ्याकडे बघू नकोस. खिडकीकडे बघ आणि परत खा."

मी खिडकीकडे बघून खाल्लं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण खरं सांगते, टाळूला चिकटत होतं. गेल्या वर्षी घरी खाल्लेल्यापेक्षा कमी, पण चिकटत होतं. लाल सरळ विरघळला होता. मी सांगितलं तसं.

"हां," ताई म्हणाली. अंगातून ओझं उतरल्यासारखी मागे टेकली. "लिही. पहिल्यापेक्षा सुधारलाय, अजून तेलकट आहे, सोमवारी घाई करू नका. लाल बरा." मग म्हणाली, "जीभ चांगली आहे गं तुझी. उगाच अभ्रे शिवत बसलीस."

त्यानंतर झोपली ती झोपलीच.

शनिवारी साहेब घरी आले. भावोजींशी बोलले, ताईच्या फोटोपुढे उभे राहिले. जायला निघाले तेव्हा मी कागद दिला. त्यांनी वाचला.

"हे ताईंचं अक्षर नाही."

"नाही. अक्षर माझं, चव पण मीच बघितली. तिने सांगितलं तसं लिहिलं." मग झालेलं सगळं सांगून टाकलं, मी आधी खोटं बोलले तेसुद्धा. मला वाटलं आता कागद परत देतील.

साहेब म्हणाले, "त्यातले उरलेत का?"

डब्यात एक-एक होता. मी दोन्ही बशीत घालून दिले. साहेबांनी आधी लाल खाल्ला, मग आपला. बराच वेळ जीभ टाळूवर फिरवत उभे होते. मग खिशातलं पेन काढलं, कागद भिंतीला लावला आणि माझ्या वेड्यावाकड्या अक्षराखाली लिहिलं, सोमवारचं काम थांबवणे. भावोजींनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली, पण ते उभ्यानेच सही करत होते.