पेंढारावांनी बॅग भरली

…तर मी त्या बॅगेवर बसलो, आणि तिथंच माझं चुकलं. हेतू स्वच्छ होता हो माझा. आमच्या घरात बॅग भरायची म्हणजे आमची ही कपडे कोंबते, मी वर बसतो आणि ती चेन ओढते. चाळीस वर्षं हेच चालत आलंय आणि संसारात माझा मुख्य उपयोगही हाच. पण साडूभाऊंनी मला असं उठवलं, जणू मी तान्ह्या बाळावर बसलोय.

"उठा! आधी उठा! बॅग आहे ती, बाकडं नाही."

"अहो, चेन लागावी म्हणून..."

"जिच्यावर माणूस बसवावा लागतो ती बॅग भरलेली नसते, साडूभाऊ. कोंबलेली असते."

उठलो बापडा. आता हे साडूभाऊ कोण ते सांगायला हवं, कारण काल तुम्ही सगळे नव्हतात. हे माझ्या मेहुणीचे यजमान. राहायला आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर. काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं पॅकिंग खात्यात होते. बरण्या, पेले, दिव्याच्या चिमण्या, जे म्हणाल ते. सुरुवातीला माल पेंढ्यात भरायचे, तेव्हापासून नाव पडलं पेंढाराव. पुढं थर्माकोल आला, ते फोडांचं प्लास्टिक आलं, पण नाव काही बदललं नाही. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या पेटीत एक पेला तडकला नाही. कारखान्यानं निवृत्तीला तसं प्रमाणपत्र दिलं, चांगलं चौकटीत घालून. ते बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. त्यात काय लिहिलंय हे मात्र मला विचारू नका. चौकटीची काच फुटू नये म्हणून वरचा पुठ्ठा त्यांनी अजून काढलेला नाही.

लग्नात आलेला चहाचा सेटही तसाच. एकतीस वर्षं झाली, एका कपाचा कान तुटलेला नाही. तुटेल कसा? त्यातून कुणी चहा प्यायलाय कुठं? त्या घरी पाहुण्याला चहा मिळतो स्टीलच्या पेल्यात, आणि सोबत सेटचं वर्णन.

तर अशा माणसाला मुलीनं आणि जावयानं परदेशच्या सहलीची तिकिटं दिली. आठ दिवस, दोघं नवराबायको. खरं म्हणजे ती तिकिटं होती आईसाठी, वडील सोबतीला. मेहुणीच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर आहे. त्या सालाच्या तारखा कधीच रद्दीत गेल्या, वरचं चित्र तेवढं तिनं ठेवलंय. तळं, पलीकडं बर्फाचे डोंगर, काठावर एक बाक आणि बाकावर लाल कोट घातलेली एक बाई. बाई काही करत नाही, नुसती बसलीय. मेहुणी पोळपाटावरून मान वर करून वर्षानुवर्षं त्या बाईकडं बघत आली. चित्राखाली त्या गावाचं नाव बारीक अक्षरात होतं. मुलीनं ते लहानपणापासून वाचलेलं, म्हणून तिकिटं त्याच गावची काढली.

मेहुणीनं लोकरीचं कापड आणून लाल कोट शिवून घेतला. मोठाली बटणं, आत अस्तर. शिंप्याकडं चार फेऱ्या मारल्या. मला म्हणाली, "भावोजी, मला तिथं दुसरं काही बघायचं नाही. त्या बाकावर हा कोट घालून बसायचं आणि एक फोटो. मग परत आणलं तरी चालेल."

एवढीच तिची मागणी. आता ती पेंढारावांच्या हातात होती.

निघायच्या एकवीस दिवस आधी त्यांनी बॅग काढली. चौकोन आखलेल्या कागदावर बॅगेच्या आतला नकाशा काढला. लोक घर बांधतात तेव्हासुद्धा एवढा काढत नाहीत. त्यांच्या खात्याचे तीन नियम होते: माल हलता कामा नये, वाजता कामा नये, आणि मालाला माल लागता कामा नये. मोज्यात साबण, बुटात मोजे, बुटाच्या टाचेच्या खळगीत दाढीचा ब्रश. प्रत्येक थर झाला की बॅग उचलून कानाशी न्यायची आणि हलवायची.

"काहीतरी बोलतंय," ते म्हणायचे. मग सगळं परत बाहेर. एकदा कंगवा बोलत होता. एकदा औषधाच्या गोळ्या कुजबुजत होत्या. एकेका गोळीला कापूस लावून त्यांना गप्प केलं.

मग पडण्याची परीक्षा. बॅग स्टुलावरून खाली सोडायची, चारी कोपऱ्यांवर, एकेकदा. त्यांच्या फरशीचं काही गेलं नाही, आमच्या छताचा गिलावा मात्र माझ्या पेपरावर आला. मी वर जाऊन म्हटलं, "अहो, विमानात बसवणार आहात की तोफेत?" तर म्हणाले, "विमानतळावरची माणसं बॅग कशी टाकतात ते तुम्ही पाहिलंय का?" मी नव्हतं पाहिलं. त्यांनीही नव्हतं.

आमच्या गावच्या शाळेत दप्तर म्हणजे एक पिशवी आणि तिच्यात एक पाटी. पाटी बोलायची, हलायची, घरी पोचेपर्यंत कोपराही उडायचा, तरी आम्ही शिकलोच की! पण हे मी मनात म्हटलं.

तर त्या दिवशी मला बॅगेवरून उठवलं, तेव्हा मेहुणी तिथंच उभी होती. ती म्हणाली, "अहो, माझा कोट कुठं दिसत नाही."

"योग्य जागी आहे."

"म्हणजे कुठं?"

"थर्मासभोवती."

हा थर्मास म्हणजे जुना, आतून काचेचा. परदेशातल्या हॉटेलात वेळेवर गरम पाणी मिळेल यावर पेंढारावांचा विश्वास नव्हता, म्हणून तो चालला होता.

मेहुणीला आधी कळेचना. "माझा कोट? थर्मासला?"

"अगं, लोकर आहे ती! वरून लोकर, आतून अस्तर. तुझ्या कोटाइतका मऊ माल मी कारखान्यातसुद्धा हाताळला नाही." हे ते कौतुक करत होते बरं का. एकतीस वर्षांत बायकोच्या कपड्याबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोलले, आणि ते हे.

"आणि मला घालायचा झाला की?"

"घाल की. सगळं उघडल्यावर."

"उघडायचं कधी?"

"तिथं गेल्यावर बघू." असं म्हणून त्यांनी चेन लावली. एका बोटानं लागली, हे कबूल करायला हवं. वर पट्टा बांधला, कुलूप घातलं, किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि रंगानं बाण काढला: ही बाजू वर.

निघायला अजून बारा दिवस होते.

त्या बारा दिवसांत त्या घरात काय काय नव्हतं म्हणून सांगू! एका सकाळी साडूभाऊ आमच्या दारात, केस उभे. "जरा कंगवा देता का? आमचा गेलाय."

"कुठं गेलाय?"

"परदेशी."

दुसऱ्या दिवशी नखं काढायचं यंत्र मागायला आले, तिसऱ्या दिवशी टॉवेल. आमची ही म्हणाली, "यांची बॅग सहलीला चाललीय. हे दोघं तिला फक्त पोचवायला."

ती हे उगाच चेष्टेत म्हणाली, पण झालं अगदी तसंच. पुढचं सगळं मला मेहुणीनं सांगितलं. साडूभाऊ फक्त विमानतळापर्यंतचंच सांगतात. तिथं यंत्रातून बॅग गेली तेव्हा पडद्यासमोर बसलेल्या माणसानं शेजारच्याला बोलावून दाखवली, असं त्यांचं म्हणणं. हे मी आतापर्यंत अकरा वेळा ऐकलंय. पहिल्यांदा एक शेजारी होता, आता तीन अधिकारी आहेत.

हॉटेलात पोचल्यावर बॅग टेबलावर ठेवली, बाण वर करून. मेहुणी म्हणाली, "उघडा." ते म्हणाले, "आज दमलोय. एकदा उघडली की परत भरायला तीन दिवस लागतील, आणि इथं स्टूलसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. हातातल्या पिशवीत दोघांचा एकेक जास्तीचा जोड होता, तोच धुऊन वाळवून चालला. बाहेर थंडी अशी की नाक आहे की नाही ते चाचपून बघावं. हॉटेलच्या दारवानाला तिची दया आली. त्यानं स्वतःचं जादाचं जाकीट तिला दिलं, पाठीवर हॉटेलचं नाव असलेलं. ते घालून मेहुणी दारात उभी राहिली, तर गाडीतून उतरलेल्या एका बाईनं आपली बॅग तिच्या हातात दिली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय भावोजी, नेली वर तिच्या खोलीत. तिनं माझ्यादेखत ती उघडली आणि आतून आपला कोट काढून घातला. मी बघतच राहिले. बॅग अशी उघडतात हे मी विसरलेच होते."

सहाव्या दिवशी सकाळी तळ्याकडं जायचं ठरलं होतं. ऊन पडलेलं. पेंढाराव अंघोळीला गेले आणि दोऱ्यातली किल्ली खुंटीवर राहिली. मेहुणी म्हणते, मी काही ठरवलं नव्हतं, हातच गेला. तिनं पट्टा सोडला, कुलूप काढलं, चेन ओढली. आतून सगळं असं वर आलं, जणू बॅगेनं अठरा दिवसांचा श्वास सोडला. मोजे इकडं, बूट तिकडं, कापूस लावलेल्या गोळ्या पलंगाखाली. तिनं मधला थर्मास काढला, बाळाचं दुपटं सोडावं तसा त्याच्यावरचा कोट सोडला, अंगात घातला आणि गेली.

पेंढाराव बाहेर आले. खोली बघितली. त्या खोलीत त्यांचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही, पण दहा मिनिटांनी ते ओल्या केसांनी, हॉटेलच्या सपाता घालून तळ्याच्या काठानं तरातरा येताना मेहुणीला दिसले. ती बाकावर बसली होती. कॅलेंडरातलाच बाक होता की दुसरा, ते कुणी तपासलं नाही.

"तू काय केलंस ते कळतंय का तुला?" ते लांबूनच ओरडले. "बूट कुठल्या बाजूला होते ते तरी बघून ठेवलंस का?"

मेहुणी जागची हलली नाही. म्हणाली, "भांडण नंतर. फोन खिशात आहे ना तुमच्या? आधी फोटो काढा. चप्पल ओली होतेय तुमची, जरा मागं सरका."

आणि त्यांनी काढला. दोन पावलं मागं सरकून, एक गुडघा टेकून.

पुढचे दोन दिवस ते बॅग भरत होते. नकाशा होता, सगळं होतं, पण मधे कोटाएवढी पोकळी. त्यांनी कोट मागितला. मेहुणी म्हणाली, "मी घालून जाणार आहे. घरापर्यंत." शेवटी थर्मासला तिथली वर्तमानपत्रं गुंडाळली.

ते आले त्या सकाळी मीच बॅग जिन्यानं वर नेत होतो. अर्ध्या जिन्यात साडूभाऊंनी ती माझ्याकडून घेतली, कानाशी धरली, हलवली. त्यांचा चेहराच उतरला.

"बोलतंय," ते म्हणाले.

दारातच उघडली. वर्तमानपत्रं सोडून थर्मास उपडा केला, तर नुसता चंदेरी चुरा. त्यांच्या हातून फुटलेली पहिली काच! मेहुणी कोटातच उभी होती. ती हळूच म्हणाली, "मी कोट दिला असता तर वाचला असता हो." ते उकिडवे बसून एकेक तुकडा उचलून कागदात ठेवत होते, तोसुद्धा असा की तुकड्याला तुकडा लागू नये. मेहुणीनं बाकावरचा फोटो उघडून फोन माझ्या हातात दिला आणि आत चहा ठेवायला गेली.

आता अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण बॅगेवरून उठवलेलं मी विसरलो नव्हतो. म्हटलं, "काय पेंढाराव! चौतीस वर्षांचा रेकॉर्ड एका थर्मासनं घालवला की!"

त्यांनी मान वर केली, माझ्या हातातल्या फोनकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "रेकॉर्डचं राहू द्या, साडूभाऊ. तो फोटो बघा, मोठा करून बघा. अठरा दिवस घडीत होता तो कोट. एक सुरकुती दाखवा मला."