पायऱ्यांवर उतरलेलं ओझं

जर्मनीतली माझी सहा महिन्यांची इंटर्नशिप संपली त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंनी केक कापला, माझ्या कामाचं कौतुक केलं आणि पुढे जागा नसल्याचंही सांगितलं. मी हसून आभार मानले. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "नोकरीचं पक्कं झालं ना?" मी म्हटलं, "हो, होईल." त्यांनी फक्त 'हो' ऐकलं. ते रिक्षा चालवतात, त्या मळवलीच्या स्टँडवर पेढे वाटले गेले.

भाजे गावी परतल्यावर मी नुसती झोपून होते. सहा महिने रोज पाण्याचे नमुने तपासले, परक्या भाषेत चुकत-माकत बोलले, आजारी असतानाही रजा घेतली नाही. ते सगळं कशासाठी, हे मला आठवत नव्हतं. रोज देवापुढे हात जोडणारी मी, आता हात जोडले तरी आत काहीच हलत नव्हतं. त्यातच परदेशी नोकरी लागली म्हणून रविवारी गावात माझा सत्कार ठरला. खरं सांगायला तोंड उघडावं, तर वडिलांचा चेहरा समोर यायचा.

सत्काराच्या दोन दिवस आधी आई मला कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला घेऊन निघाली. मी सुखरूप परत यावं म्हणून तिनं नवस बोलला होता. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आई ओटीचं सामान घेऊन बरीच पुढे गेली होती. पायऱ्यांच्या कडेला ताक विकणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींनी माझा दंड धरून मला सावलीत बसवलं.

"बस हितं. देवी काय कुटं पळून चाललीय व्हय?"

त्यांनी ताकाचा पेला हातात दिला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "चढून न्हाई दमलीस तू. आधीचीच लय दमलीयास."

त्या एका वाक्यानं मला रडू फुटलं. ज्या बाईंचं नावही मला ठाऊक नव्हतं, त्यांना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. शेवटी म्हणाल्या, "ह्ये घरी सांगितलंस?"

"नाही. आधी देवीला सांगणार होते."

"तिला ठावं हाय की. ज्यांना ठावं न्हाई, त्यांना सांग."

तेवढ्यात मला शोधत आई खाली आली. मला रडताना पाहून ती तिथेच पायरीवर बसली. मी म्हटलं, "आई, मला तिकडे नोकरी नाही लागली. मी खोटं बोलले."

आईनं ओटीचं सामान बाजूला ठेवलं. मग पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली, "आल्यापासनं तिकडलं एक अक्षर बोलली न्हाईस. मला तवाच कळलं. अगं, मी देवीकडं तुजी नोकरी मागितलीच नव्हती. माजी पोरगी धड माघारी येऊ दे, एवढंच मागितलं."

आम्ही सावकाश वर गेलो. गाभाऱ्यासमोर मला काहीच मागावंसं वाटलं नाही. डोकं टेकवलं आणि खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतला. उतरताना मावशींपुढे हात जोडले, तर त्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत होत्या. मला न ओळखता म्हणाल्या, "किती पेले?"

घरी वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ रिक्षाची काच पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्टँडवर आणि सत्कारवाल्यांना मी सांगतो. तू जेवून घे."

आता तळेगावला एका लहान प्रयोगशाळेत काम करते. थकवा अजून पुरता गेलेला नाही. पण त्या दिवशी मावशींच्या रूपानं कोणी माझ्या तोंडून खरं वदवून घेतलं, हे मी कधी कोणाला पटवून देत बसत नाही. देवीला शरण जायचं म्हणजे काहीतरी मोठं अर्पण करायचं, असं मला वाटे. आईनं मात्र माझं रिकाम्या हातानं परत येणंच नवस फेडण्याजोगं मानलं होतं. तेवढं उमगलं, हीच देवीची कृपा.