खालच्या सभागृहात मंजूर

भूकंपानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. जपानमधल्या त्सुकुबातला माझा पोस्टडॉकचा करार मार्चअखेर संपत होता आणि आम्हां तिघांचे व्हिसे त्यावरच टांगलेले होते. अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेने मला जागा देऊ केली होती. फक्त पत्राच्या शेवटी एक अट होती: तिथल्या संसदेने वर्षाचा निधी मंजूर केला तर.

मला बायको-मुलीला इथून बाहेर काढायचं होतं. भूकंपाच्या दिवशी मी लॅबमधून सायकल हाणत घरी पोचलो, तेव्हा बायको लेकीला पोटाशी धरून पार्किंगमध्ये अनवाणी बसली होती. ते दृश्य काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. भांडं पडलं तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं.

एका सकाळी लॅबमध्ये फोनवर बातमी वाचली, निधीचं विधेयक खालच्या सभागृहात मंजूर. मी खूश. पैशाचं विधेयक लोकसभेत पास झालं की राज्यसभा नुसती कुरकुर करू शकते, हे मला शाळेपासून पाठ. जपानातही अर्थसंकल्पावर खालच्याच सभागृहाचं चालतं. दोन संसदा कोळून प्यायलो होतो, तिसरी वेगळी कशाला असेल?

त्याच दुपारी प्रोफेसरांनी विचारलं, एक वर्ष करार वाढवून हवा आहे का. मी चांगला कंबरेत वाकून, आभार मानून नाही म्हणालो. इतक्या शिष्टाचाराने स्वतःच्या पायावर धोंडा कुणी मारून घेतला नसेल.

मग सिनेट नावाचं प्रकरण कळलं. तिथलं वरचं सभागृह पैशाचं विधेयकही अडवू शकतं, बदलू शकतं. शंभरांतल्या साठांनी चर्चा पुरे म्हटल्याशिवाय मतदानापर्यंत गाडी जात नाही. बदल केलेच, तर कागद पुन्हा खाली. दोन्हीकडे शब्दन् शब्द तोच मजकूर मंजूर व्हायला हवा, नाहीतर सगळं मुसळ केरात. आठवडाभर जेवताना मी हे बायकोला समजावत होतो. ती मान हलवायची आणि लेकीच्या ताटात वरण वाढायची. मला वाटायचं, ती घाबरली आहे. खरं तर घशाखाली घास माझ्या उतरत नव्हता.

शेवटी दोन्ही सभागृहांचं जुळलं ते एवढ्यावरच, की तूर्त गेल्या वर्षीचाच निधी चालू ठेवायचा. नवीन काही सुरू करायचं नाही. माझी जागा नवीन होती. ती गोठवल्याचं पत्र दोन ओळींचं होतं.

मी धावत प्रोफेसरांकडे गेलो. त्यांनी, इथले लोक अवघड नकाराआधी ओढतात तशी, दातांतून हवा आत ओढली आणि खिडकीबाहेर पाहिलं. लॅबमधली माझी जागा दुसऱ्याला देऊन झाली होती.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. करार वाढवून मिळत होता, हेही तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं.

"तू नाही म्हणालास?" तिने विचारलं. "मला न विचारता?"

"तू घाबरली होतीस."

"होते. पण इथून जायचंय असं कधी म्हणाले मी?"

लाजेने कानशिलं तापली. सबंध आठवडा मी तिला समजावत होतो, की एकाने मंजूर केलेलं दुसऱ्याने मानल्याशिवाय काही खरं नसतं.

तिने ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला. एप्रिलपासून लेकीला होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळाली होती. तिला स्वतःला स्टेशनजवळच्या एका ऑफिसात काम मिळालं होतं. मला खुशीची बातमी द्यायची म्हणून ती फॉर्म पुरा व्हायची वाट बघत होती. आपल्या कोरीव, सावकाश जपानी अक्षरांत तिने सगळं भरलं होतं. लेकीचं नाव, पत्ता, लसी, ॲलर्जी.

वडिलांच्या व्हिसाची मुदत लिहायची चौकट तेवढी माझ्यासाठी रिकामी सोडली होती.