छत्तीसपैकी एकोणतीस

डोंबिवलीच्या रामनगरात विमलाबाई टिपणीसांचं घर कुणालाही विचारलं तरी दाखवत. दारावर पाटी नव्हती. नवरा वारल्यावर त्यांनी लग्नं जमवायला घेतली ती काही हौसेने नाही, पण पुढे त्यात हात बसला. शनिवार-रविवारी संध्याकाळी डोंबिवली, कल्याण, ठाण्याकडचे आईबाप त्यांच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसत, फोटो बघत, टिपणं उतरवून घेत. जन्मतारीख, वेळ आणि गाव लिहिलेली चिठ्ठी म्हणजे टिपण. तेवढ्यावर दोन घरं एकमेकांकडे पोहे खायला जात.

लग्न जमवणं त्या मानाने सोपं. न जमलेलं नीट मिटवणं अवघड. मुलगी बघून गेलेले लोक चार दिवसांनी फोन करत आणि खरं ते विमलाबाईंच्या कानात ओतत. दात जरा पुढे आहेत. मुलीपेक्षा धाकटी बहीण उजवी आहे. मोरीला दार नाही हो, पडदा लावलाय. विमलाबाई सगळं ऐकून घेत आणि मुलीच्या घरी एकच वाक्य पोचवत, "पत्रिका जुळत नाही म्हणाले." त्यांच्या कामात हे वाक्य पदरासारखं होतं. काय वाटेल ते त्याखाली झाकता यायचं. मुलीचा बाप ग्रहांना नावं ठेवायचा, मुलगी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायची, कुणाच्या तोंडावर काही यायचं नाही. वाक्य खोटं असतं हे निम्म्या लोकांना ठाऊक असे. तरी पदर उचलून कुणी खाली बघत नसे.

नव्व्याण्णव सालच्या दिवाळीनंतर उत्तरा खोपकरला नौपाड्याच्या फणशांकडून नकार आला.

"मुलगी लाखात एक आहे हो," मुलाची आई मंजुळा फणसे फोनवर म्हणाल्या. "पण आईचं तुम्हाला ठाऊक होतं का? बाई इथे वेड्यांच्या इस्पितळात होत्या. चांगल्या तीन-चार महिने."

"कोण म्हणालं?"

"कोण का म्हणेना. पक्कं आहे. उद्या पोराबाळांत उतरलं म्हणजे? तुम्ही आपलं पत्रिकेचं सांगून टाका."

विमलाबाईंना ठाऊक नव्हतं. शांता खोपकर त्यांनी दोन-तीनदा पाहिली होती. कमी बोलणारी, दोन्ही खांद्यांवरून पदर घेणारी बाई. पोह्यांच्या बशा देताना तिचे हात थरथरत होते, पण मुलगी दाखवताना कुणाचे थरथरत नाहीत? मग आधीच्या तीन नकारांपैकी किती यापायी आले असतील, असं मात्र त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या लोकांनी तर कारणही दिलं नव्हतं. पत्रिकेचं विमलाबाईंनीच आपल्या पदरचं घातलं होतं.

त्यांनी सखाराम खोपकरांना नेहमीचं वाक्य सांगितलं. अंबरनाथच्या कारखान्यात जन्म घालवून नुकतेच निवृत्त झालेले सखारामराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"परत पत्रिकाच? अहो, श्रावणात ग्रहशांत केली ना मी."

"जमेल हो. योग लागतो एकेकाचा," विमलाबाई म्हणाल्या. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं.

पुढच्याच रविवारी बापलेक दोघे दारात उभे. सखारामरावांचा चेहरा इतका फुललेला होता की विमलाबाईंना वाटलं, परस्पर कुठे तरी जमलं.

"दाखव गं काकूंना," ते म्हणाले.

उत्तरा सव्वीस वर्षांची, ठाण्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी. तिने पर्समधून घडी केलेले कागद काढले. कडेला भोकं असलेला, फिकट शाईचा लांब कागद. स्टेशनजवळ नाथा म्हात्रेने आपल्या गाळ्यातलं वाणसामान काढून सायबर कॅफे टाकला होता. पोरं तिथे फुकटचे ई-मेल पत्ते काढत, अनोळखी पोरींशी टाइप करून गप्पा मारत, एकमेकांना नाचत्या बाहुल्यांची शुभेच्छापत्रं पाठवत. उत्तरा ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गेली होती, सहज, काय काय निघालंय ते बघायला. त्यात तिला एक वेबसाइट सापडली. दोघांची जन्मतारीख, वेळ, गाव भरलं की गुण किती जुळतात ते सांगणारी.

"छत्तीसपैकी एकोणतीस," उत्तरा म्हणाली. "फणशांचं."

"एकोणतीस म्हणजे काय थट्टा आहे?" सखारामराव म्हणाले. "अठरा आले तरी लोक अक्षता टाकतात."

विमलाबाईंनी कागद हातात घेतला. इंग्रजी होतं, पण आकडे कळत होते. "गुण जुळले तरी मंगळ आड येतो कधी कधी."

"तेही सांगते ती वेबसाइट. दोघांनाही मंगळ नाही." उत्तराने दुसरा कागद पुढे केला. "आणि काकू, आधीच्या तिघांचीही टिपणं बाबांकडे होती. तीही घालून बघितली. सव्वीस, बावीस, एकतीस."

"डोंबिवली सापडली नाही हं त्यात," सखारामराव मध्येच म्हणाले. "गावांच्या यादीत कल्याण होतं, ते घेतलं हिने. तेवढ्याने काय फरक पडणार?"

"प्रत्येकाचे गुरुजी वेगळे, पंचांग वेगळं," विमलाबाई म्हणाल्या. आपला आवाज आपल्यालाच पातळ वाटला त्यांना.

"तेच तर म्हणतोय मी. फणशांच्या गुरुजींनी घोळ घातलाय. माणूस आहे, चुकायचाच. येत्या रविवारी हा कागद घेऊन मी नौपाड्याला जातो. घर सज्जन आहे, मुलगाही हिच्याशी मोकळेपणी बोलला. दाखवल्यावर हसतील आणि होय म्हणतील."

"अहो, असं कुणी जातं का? मुलीकडच्यांनी..."

"चूक त्यांची आहे, विमलाबाई. मी भीक मागायला जात नाहीये."

बापाचं हे चाललेलं असताना उत्तरा नुसती विमलाबाईंकडे बघत होती. निघताना चपला घालायला ती मुद्दाम मागे राहिली.

"काकू, माझ्यात काय आहे ते सांगाल का? रंग म्हणाले असतील तरी चालेल. मला वाईट नाही वाटणार."

"तुझ्यात काही नाही गं."

"मग चारी घरं खोटं का बोलली?"

विमलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण थांबलीही नाही.

सोमवारी दुपारी विमलाबाई नाथाच्या गाळ्यात गेल्या. आत पडदे लावून केलेले कप्पे, मागे अजून गुळाचा वास. नाथा मूळचा इथल्याच गावठाणातला, चाळिशीचा. त्याने खुर्ची पुसून दिली.

"बसा काकू. अमेरिकेला मेल टाकायचाय का?"

"पत्रिका बघायचीय."

"आयला, तुम्ही पण? आता तुमच्याकडे कोण येणार मग?" तो हसला आणि टेलिफोनची तार जोडली. मोडेमचा डबा बराच वेळ करकरला. मग पानं वरून खाली हळूहळू उलगडत आली.

विमलाबाईंनी दोन्ही टिपणं नाथाला वाचून दाखवली. एकोणतीस. त्यांनी उत्तराची पहाटेची वेळ रात्रीची करायला सांगितली. कधी अडलं-नडलं तर ओळखीच्या गुरुजींकडून अशी वेळ त्यांनी पूर्वी सरकवून घेतली होती. रात्रीची केल्यावर एकतीस झाले.

"वाढले की," नाथा म्हणाला.

"वाढायला नको आहेत रे."

नाथाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे पोरगी नापास करायचीय? तारीखच बदला मग. पण तो कागद त्या पोरीच्या हातात आहे ना? ती परत येऊन खरी तारीख टाकणार, परत एकोणतीस. याला कोणाचं काय पडलंय काकू, जे घालाल ते दळून देतंय."

"याच्या मालकाला सांगता येतं का काही? पत्ता असेल ना."

नाथाने पान पार तळापर्यंत नेलं. तळाला निळ्या अक्षरांत काही तरी होतं, ते दाबल्यावर कोरी चौकट आली, तुमचा अभिप्राय लिहा म्हणून. विमलाबाई त्या चौकटीकडे बघत राहिल्या. गुरुजी असते तर घरी गेल्या असत्या, ओटीवर बसून चार शब्द बोलल्या असत्या. इथे बोलायचं कुणाशी?

"तुमचं आणि काकांचं बघायचंय?" नाथाने विचारलं. "फुकट आहे."

"नको. झालं ते झालं."

गुरुवारी भर दुपारी शांता खोपकर आली. एकटी. पाणी दिलं ते तिने दोन्ही हातांनी धरलं.

"विमलाताई, नकार माझ्यामुळे आलाय ना?"

विमलाबाईंनी अंगवळणी पडलेलं वाक्य तोंडात घोळवलं आणि गिळलं.

"तुम्ही सांगू नका. मला त्याच दिवशी कळलं. फणसेबाईंनी बशी घेतली आणि माझ्याकडे बघितलं ना, तेव्हाच. त्यांनी ओळखलं, मीपण ओळखलं. माझ्या शेजारच्या खाटेवर त्यांची थोरली जाऊ होती. त्या डबा घेऊन यायच्या तिच्यासाठी. मला एकदा चिंबोरीचं कालवण दिलं होतं."

विमलाबाई जागच्या जागी ताठ झाल्या. "म्हणजे त्यांच्याच घरात... आणि ही बाई मला पोराबाळांचं सांगते? थांबा, आत्ता फोन लावते."

"नको."

"अहो, का नको? तोंड बंद होईल त्यांचं."

"ती बिचारी तिथेच वारली. मेलेल्या बाईचं नाव काढून माझ्या मुलीचं लग्न करायचं? आणि असं तोंड बंद करून ज्या घरात मुलगी द्यायची, तिथे ती नांदेल का?" शांताने पेला खाली ठेवला. "उत्तरा तेव्हा तीन वर्षांची होती. तिला आम्ही दोघांनी सांगितलंय, आई माहेरी खडवलीला गेली होती बाळंतपणाला, बाळ राहिलं नाही. बाळ राहिलं नाही हे खरं आहे. त्यानंतरच मला तसं झालं."

विमलाबाईंनी पेला उचलून परत भरून आणला.

"ह्यांना थांबवा," शांता म्हणाली. "मी घरात बोलले तर का म्हणून विचारतील, आणि उत्तरा तिथेच असते. नवा शर्ट इस्त्रीला टाकलाय त्यांनी. इतके खुशीत मी त्यांना कितीतरी दिवसांत बघितलं नाही." मग जरा थांबून तिने विचारलं, "त्या मशीनला सांगता येतं का हो, जुळत नाही म्हणायला?"

"मी जाऊन आले शांताताई," विमलाबाई म्हणाल्या. "नाही सांगता येत."

शनिवारी त्यांनी सखारामरावांना फोनवर खूप आडून सांगितलं. लोक फटकळ असतात, दुसरं स्थळ आहे, विठ्ठलवाडीचं, मुलगा बँकेत आहे. सखारामराव हसले. "तुमचं वाक्य खोटं पडलं म्हणून तुम्हाला अवघड वाटतंय, विमलाबाई. तुमचा काही दोष नाही. त्यांनी सांगितलं ते तुम्ही सांगितलंत."

मग नौपाड्याला फोन केला.

"येऊ देत की," मंजुळा फणसे म्हणाल्या. "मी पत्रिकेचंच सांगेन. माझी काय हौस आहे का कुणाला दुखवायची? पण तो गृहस्थ कागद नाचवायला लागला तर मी काय करू? एवढं खात्रीचं वाक्य म्हणत होतात तुम्ही, आणि पंधरा दिवस टिकलं नाही."

"मंजुळाताई, त्या बाई तुमच्या हातचं जेवल्या आहेत."

"कोण म्हणालं?" मंजुळाबाईंनी विचारलं, आणि पुढचं ऐकायच्या आत फोन ठेवला. बोलून गेल्यावर विमलाबाईंना कळलं की आपण हे बोलायला नको होतं. परत लावला तर उचललाच नाही कुणी.

रविवारी त्यांनी कुणाला येऊ दिलं नाही. दिवेलागणीला बेल वाजली. सखारामराव एकटेच होते. शर्ट तसाच कडक होता. ते नेहमीच्या खुर्चीत न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"चांगले वागले," ते म्हणाले. "फणसे स्वतः बाहेर आले. कागद चष्मा लावून वाचला. म्हणाले, इंटरनेटवरच्या गोष्टी, त्यांचं काय घेऊन बसलात. मी म्हटलं, मग दुसऱ्या गुरुजींना दाखवू, मी खर्च करतो. तेव्हा बाई आतून आल्या. खूप मायेने विचारलं हो त्यांनी. मिसेसना का नाही आणलंत? आता बऱ्या असतात ना? गोळ्या चालू आहेत का अजून?"

विमलाबाईंनी दार लोटून घेतलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मागच्या तीन वेळी पण?"

"मागचं मला माहीत नाही. शपथ घेऊन सांगते."

सखारामरावांनी खिशातून कागद काढला, घडी मोडली, परत घातली. "मीच नेला. तुम्ही दोन वेळा नको म्हणालात. मला वाटलं, छापून आलंय म्हणजे आता कुणी नाही म्हणणार नाही. उत्तरा घरी दारात बसली असेल. मी निघताना म्हणाली, बाबा, ते जे सांगतील ते मला जसंच्या तसं सांगा. काय सांगू तिला?"

वीस वर्षं या खोलीत विमलाबाईंना काय सांगायचं ते कधी शोधावं लागलं नव्हतं.

फोन वाजला. दोघांनाही कुणाचा ते कळलं. सखारामरावांनी नुसती मान हलवली. तीनदा वाजल्यावर विमलाबाईंनी उचलला.

"काकू, बाबा तिथे आलेत का?"

"आलेत."

"काय म्हणाले ते लोक?"

तिच्या मागून घरातला आवाज येत होता. भांडी लावत होतं कुणी तरी, सावकाश, एकावर एक.

"चहा घेतायत," विमलाबाई म्हणाल्या. "येतील आता."

"तुम्हाला सांगितलं असेल ना त्यांनी?"

"चहा घेतायत गं," त्या पुन्हा म्हणाल्या आणि रिसीव्हर ठेवला. मग आत गेल्या, आणि चहाचं आधण ठेवलं.