चारच्या आत मुक्काम

टूर कंपनीबरोबर जायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. झेंडा धरलेल्या माणसाच्या मागून चालायचं, ‘पाच मिनिटांत बसमध्ये बसा’ हे ऐकायचं आणि केपटाऊनला जाऊन पुरणपोळी खायची, हे आपल्याला जमणारं नाही. दक्षिण आफ्रिकेत गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात. घोडबंदर रोडवर जो माणूस तीस-पस्तीस वर्षं टिकला, त्याच्या हाती जगातली कुठलीही गाडी बिनधास्त द्यावी, असं माझं मत आहे.

वर्तकनगरच्या आमच्या घरात महिनाभर जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले होते आणि आम्ही दोघं सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. बेत पंधरा दिवसांचा. आधी केपटाऊन, मग द्राक्षमळ्यांची गावं, पुढे समुद्र उजव्या हाताला ठेवून पूर्वेकडे आणि शेवटी हत्तींचं जंगल, जिथे आपली गाडी आपणच आत न्यायची. मी कारखान्यात आयुष्यभर वेळापत्रकंच आखली. कुठला टप्पा किती तासांचा, चहा कुठे, पेट्रोल कुठे, सगळं मी कागदावर उतरवलं. बायकोला एक प्रत दिली.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नव्हती. वर्षभरापासून ऊन उतरलं की मला बाजूचं दिसेनासं व्हायचं. समोरचा रस्ता स्वच्छ, पण कडेने येणारी रिक्षा एकदम नाकासमोर उभी राहायची. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून सांभाळायचं आणि संध्याकाळनंतर गाडी चालवायची नाही. घरी मी सांगितलं, डोळे कोरडे पडतात, म्हणून थेंब दिलेत. खरं सांगितलं असतं तर ही ट्रिप तिथेच संपली असती. आणि गाडीची किल्ली हातातून जाईल, याची मला त्याहून जास्त भीती वाटत होती. वडिलांनी शेवटची काही वर्षं दिसेनासं झाल्यावर दुसऱ्याचा हात धरून काढलेली मी पाहिली होती.

म्हणून मी बेतच असा आखला की कुठल्याही दिवशी चारच्या आत मुक्कामाला पोचायचं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

बायको गणिताची शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी लाल पेन सुटलेलं नाही. तिने माझं वेळापत्रक पेपर तपासावा तसं तपासलं आणि प्रत्येक पानावर एकेक गोल केला.

“अहो, रोज चारच्या आत का पोचायचं?”

“अगं, जंगल आहे. जनावरं असतात. फाटकं बंद होतात.”

“जंगल शेवटचे तीन दिवस. द्राक्षांच्या गावात काय, द्राक्षं धावून येणार आहेत अंगावर?”

मी अनोळखी रस्ते, परका देश, असं काहीबाही बोललो. तिने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, “मग दोन ड्रायव्हर असलेले बरे. मी परत हात बसवते.”

तिच्याकडे लायसन्स होतं, पण ते कपाटात पडून होतं, आणि त्याला कारण मी. वीस वर्षांपूर्वी बाळकुमला एवढे टॉवर उभे नव्हते, तेव्हा तिचं लायसन्स नवं होतं, आणि तिथल्या मोकळ्या रस्त्यावर मी तिला हात बसवायला नेलं होतं. “क्लच! अगं क्लच!” असा मी इतका ओरडलो की ती भर रस्त्यात गाडी थांबवून उतरली आणि रिक्षाने घरी गेली. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. मला ते सोयीचंच होतं, हे आता कबूल करतो.

या वेळी तिने ट्रेनिंग स्कूलचे पंधरा तास लावले. ते झाल्यावर एकदा, दिवेलागणीच्या वेळी, आम्ही दोघं आमच्या गाडीतून बाळकुमकडे निघालो. ती चालवत होती. मी डावीकडे बसून जागेवरच ब्रेक दाबत होतो, पण तोंड बंद ठेवलं होतं. एका वळणापाशी तिने गाडी हळू केली आणि थांबवली. मला कारणच कळेना. मागून हॉर्न वाजायला लागले.

“काय झालं? चल की!”

तेवढ्यात एक बाई लहान मुलीचा हात धरून डावीकडून आली आणि दिव्यांच्या उजेडातून रस्ता ओलांडून गेली. मुलीने लाल फ्रॉक घातला होता. माझ्याच बाजूने त्या आल्या होत्या.

“दिसल्या नव्हत्या तुम्हाला?” तिने विचारलं.

मी ‘दिसल्या की’ म्हणणार होतो. जीभ तयार होती. पण मी पलीकडे गेलेल्या लाल फ्रॉककडे पाहिलं.

“नाही दिसल्या,” मी म्हणालो.

तिने पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. मी सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली, आणि तशी चिडलेली ती मी कधी पाहिली नव्हती.

“अहो, वर्षभर मी रोज तुमच्या शेजारी बसत्येय!”

लाज वाटली, अजून वाटते. मी चहाच्या वेळा मोजल्या होत्या. माझ्या डाव्या हाताला बसलेलं माणूस मोजलं नव्हतं.

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. डॉक्टरांकडे स्वतः आली, वहीत लिहून घेतलं. पाचव्या दिवशी नकाशे परत टेबलावर आले. नव्या बेतात मला सकाळचे, सरळ रस्त्याचे दोन टप्पे मिळाले आहेत, तेही डॉक्टरांना विचारून. द्राक्षमळ्यात वाइनचा घोट घ्यायची परवानगीही आहे, कारण नंतर गाडी तीच चालवणार. आणि एका दिवशी तिने लिहिलंय: समुद्रावर सूर्यास्त, मग पाऊण तासाचा रस्ता.

“अगं, अंधार पडलेला असेल,” मी म्हणालो.

“मला दिसतं,” ती म्हणाली.

मी गाडीच्या बुकिंगचा फॉर्म पुढे ओढला आणि मुख्य चालक म्हणून तिचं नाव भरलं.